रुग्णाच्या खाटेशेजारची पाठशाळा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आरोग्यसेवेवर बोलण्यासाठी संयोजकांनी एका कापड व्यापाऱ्यास उभे करावे, याचे आपणांपैकी अनेकांना नवल वाटले असेल. मलाही वाटले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उभे आयुष्य थान मोजण्यात आणि वह्या लिहिण्यात गेले. परंतु आपल्या ट्रस्टच्या स्थापनेपासून गरजू रुग्णांना औषधोपचारासाठी साहाय्य आणि होतकरू विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी साहाय्य, अशी दोन कार्ये अखंड चालू आहेत, आणि त्यांच्या हिशेबाच्या वह्या काही वर्षे माझ्या नजरेखालून गेल्या आहेत. त्या वाचताना जो विचार मनात घोळत राहिला, तोच आज आपल्यापुढे मांडतो.

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही चार दाने आपणां सर्वांना बालपणापासून ठाऊक आहेत. आपल्या वह्यांतही औषधदानाचे खाते निराळे आणि ज्ञानदानाचे निराळे. हिशेबाच्या सोयीसाठी ते योग्यच आहे. पण रुग्णालयाच्या दारातून आत गेलो की ही दोन खाती निराळी राहत नाहीत. रुग्णाला मिळणारी सेवा ही ती देणाऱ्याने काय शिकले यावर अवलंबून असते, आणि तो जे शिकतो ते पुस्तकापेक्षा त्या रुग्णालयात प्रत्यक्ष जे चालते त्यावरूनच शिकतो. जेथे सेवा ढिसाळ तेथे शिक्षणही ढिसाळपणाचेच. म्हणून या दोहोंपैकी एक सुधारू आणि दुसरे मागाहून पाहू, असे करता येत नाही. माझे सारे म्हणणे एवढेच आहे. पुढे सांगतो तो त्याचा पुरावा.

प्रथम घरातलेच उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भगिनी, ज्यांना आम्ही सारे अक्का म्हणतो, पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शहरातील एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली व ती उत्तम झाली. त्या रुग्णालयाला जोडून महाविद्यालय असल्याने रोज सकाळी मोठे डॉक्टर सात-आठ विद्यार्थ्यांना घेऊन येत, क्ष-किरणाची फिल्म उजेडात धरीत आणि हाडाविषयी प्रश्न विचारीत. मुले हुशार होती, उत्तरे चटचट देत. परंतु चौथ्या दिवशी अक्कांचा रक्तदाब चढू लागला. गोळीची मात्रा वाढवली, तरी उतरेना. आणखी वाढवण्याचे घाटत होते.

आपल्यासमोर हे सांगताना फार स्पष्टीकरणाची गरज नाही. अक्कांचा सूर्यास्तानंतर चारही आहारांचा त्याग आहे, म्हणजे पाणीसुद्धा नाही. रक्तदाबाची गोळी येत असे रात्री नऊ वाजता. परिचारिका गोळी हातावर ठेवून पुढच्या खाटेकडे जात, आणि अक्का ती निमूटपणे उशीखाली सरकवीत. कोणाला सांगावे तर संकोच, आणि घ्यावी तर व्रतभंग. हा प्रकार ध्यानात आला तो परिचर्या महाविद्यालयातील पहिल्या वर्षाच्या एका मुलीच्या. ती चादर बदलावयास आली होती. उशीखाली गोळ्या दिसल्या तेव्हा तिने आरडाओरडा केला नाही, स्टुलावर बसून विचारले, "आजी, गोळीनं त्रास होतो का?" अक्कांनी सारे सांगितले. त्या मुलीने ड्युटीवरच्या डॉक्टरांना गाठले, गोळीची वेळ संध्याकाळी साडेपाचची झाली, मात्रा पूर्ववत झाली, आणि दोन दिवसांत रक्तदाब उतरला. वाढवलेली मात्रा आणि उशीखालचा साठा दोन्ही एखाद्या दिवशी एकदम पोटात गेले असते तर काय झाले असते, हे आपले डॉक्टर बंधूच सांगू शकतील.

इथवर ही गोष्ट गोड आहे. पुढची तितकीशी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर आले तेव्हा पुन्हा हाडावरच प्रश्नोत्तरे झाली. ती मुलगी तेथेच भिंतीशी उभी होती. तिला कोणी काही विचारले नाही, आणि तिने आपण होऊन बोलावे अशी पद्धतही नव्हती. केसपेपरवर वेळ बदलल्याची नोंद झाली, पण का बदलली ते कोठेच लिहिले गेले नाही. सात-आठ महिन्यांनी आपल्याच समाजातील एक वृद्ध गृहस्थ त्याच विभागात दाखल झाले, आणि रात्री नऊची गोळी त्यांच्याही उशीखाली गेली. म्हणजे एका मुलीला जे समजले ते रुग्णालयाला समजले नाही. तिच्या हुशारीने एक रुग्ण वाचला. शिकवण्याच्या व्यवस्थेत तिला जागा असती तर पुढचे सारे वाचले असते. त्या मुलीला जर कोणी सांगितले असते की, तू जे पाहिलेस ते उद्या या डॉक्टर मुलांना समजावून सांग, तर त्या मुलांचेही शिक्षण झाले असते आणि वॉर्डाचा नियमही बदलला असता.

शिकाऊ हातांनी रुग्णाचे काय होऊ शकते, याचा इतिहासातील सर्वांत दाहक दाखला व्हिएन्ना शहरातील आहे. तेथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात १८४० च्या दशकात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. पहिल्या विभागात शंभरात सुमारे १० बाळंतिणी सूतिकाज्वराने मरत. दुसऱ्यात सुमारे ४. शहरातील गोरगरीब स्त्रियांना हे ठाऊक होते, आणि दुसऱ्या विभागात घ्या म्हणून त्या गयावया करीत. इग्नाझ सेमेलवाइस या हंगेरियन तरुण डॉक्टराने दोन्ही विभागांचे आकडे समोरासमोर ठेवले. हिशेबाच्या माणसाला येथे थांबावेसे वाटते, कारण आकडे रुग्णालयाच्या नोंदींत वर्षानुवर्षे पडून होते. ते शेजारी शेजारी ठेवून 'असे का?' हा प्रश्न धसास लावणारा मात्र कोणी नव्हता.

१८४७ च्या मार्च महिन्यात सेमेलवाइस यांचे एक सहकारी प्राध्यापक शवविच्छेदन शिकवताना विद्यार्थ्याच्या हातातील सुरीची जखम होऊन वारले, आणि त्यांच्या शरीरातील विकृती बाळंतिणींच्या शरीरातील विकृतीसारखीच निघाली. मग उलगडा झाला. वैद्यकीय विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करून तेच हात घेऊन प्रसूतिगृहात येत होते. सुइणी शवविच्छेदन करीत नव्हत्या. जंतूंचा सिद्धान्त तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता. तरी सेमेलवाइस यांनी मे महिन्यापासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात १८ वर गेलेले मृत्यूंचे प्रमाण जूनमध्ये सुमारे २ वर आले.

यातील एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी. सुइणीही शिकाऊच होत्या. तेव्हा दोष शिकाऊपणाचा नव्हता. एका विभागात शिक्षणाची जी रीत पडली होती, ती रुग्णाच्या जिवाशी ताडून कोणी पाहिलेली नव्हती, हा दोष होता. आणि ती सुधारणेही सोपे गेले नाही. सभ्य गृहस्थांचे हात अशुद्ध असू शकतात, ही कल्पनाच प्रतिष्ठितांना सोसवेना. १८४९ मध्ये सेमेलवाइस यांची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. १८६५ मध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी वेड्यांच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला.

आमच्या धंद्यातही शिकाऊ मुलगा गिऱ्हाइकासमोरच शिकतो. दुसरा मार्गच नाही. पण त्याने कापड चुकीचे फाडले तर तो तुकडा दुकानाच्या खाती पडतो, गिऱ्हाइकाच्या माथी मारीत नाहीत. म्हणून दुकानदाराला मुलाला नीट शिकवण्याची गरज आपोआप भासते. रुग्णालयात मात्र चुकीची झळ गिऱ्हाइकालाच लागते, आणि ते तक्रार करण्याच्या स्थितीत नसते. त्यामुळे तेथे शिकवणाऱ्याची जबाबदारी कितीतरी पटीने अधिक.

आता दानाकडे वळतो, कारण आपला संबंध मुख्यतः तेथे येतो. क्रिमियाच्या युद्धातील फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सेवेची कृतज्ञता म्हणून इंग्लंडातील जनतेने १८५५ पासून निधी जमवला. सुमारे ४५ हजार पौंड जमले. त्या काळी ही प्रचंड रक्कम होती. त्या पैशातून त्यांच्या नावाचे एखादे भव्य रुग्णालय सहज उभे राहिले असते. तो पैसा लागला परिचारिकांच्या शिक्षणाला. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यातून परिचर्येची पाठशाळा सुरू झाली. मुली वर्षभर तेथेच राहून, वॉर्डातच काम करीत शिकत. आणि त्यांना शिकवीत वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर. शाळा आणि शुश्रूषा यांत भिंत नव्हती. निधीतून मुलींचा खर्च भागे. इमारत बांधून झाली की तिचे काम संपते. पण तेथून शिकून निघालेल्या स्त्रिया पुढे अन्य रुग्णालयांत आणि परदेशांत गेल्या आणि त्यांनी आणखी किती जणींना घडवले.

आपल्या महाराष्ट्रातही अशी दोन ठिकाणे आहेत. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नय्यर यांनी स्थापन केले. तेथे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याचे पहिले पंधरा दिवस आश्रमात जातात. प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते, तेथे शिबिराला राहते आणि पुढे त्या कुटुंबांना भेटत राहते. विद्यार्थ्यांनी खादी वापरावी असा तेथला दंडक. मिलचे कापड विकणाऱ्या माझ्यासारख्याला तो फारसा सोयीचा नव्हे, पण त्यामागचा विचार मी मानतो. जो डॉक्टर रुग्णाचे घर, चूल आणि विहीर पाहून आला आहे, तो केवळ हाडाची फिल्म पाहणार नाही.

जामखेडचे उदाहरण त्याहून विलक्षण. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० मध्ये तेथे काम सुरू केले. खेड्यांत शिकलेल्या परिचारिका टिकेनात, म्हणून त्यांनी गावातीलच स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. पुष्कळजणी निरक्षर होत्या, दलित समाजातील होत्या, कोणी टाकलेल्या होत्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, गावात त्या आठवड्यात काय घडले ते सांगत, त्यावर चर्चा होई आणि त्यातूनच पुढचा धडा ठरे. कोणाचे बाळ जुलाबाने सुकले, कोणती गर्भवती तपासणीला आली नाही, हाच त्यांचा अभ्यासक्रम. त्यांचे शिक्षण आणि गावाचे आरोग्य एकाच मापाने मोजले जात होते. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पाटी-पेन्सिल न धरलेल्या स्त्रियांना जे साधले, ते मोठमोठ्या रुग्णालयांना का साधू नये?

हाच विचार परदेशातील वैद्यकाने अलीकडे शास्त्राच्या भाषेत मांडला आहे, आणि गंमत अशी की त्याचे मूळ कारखान्यात आहे. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० पासून जपानी कारखानदारांना शिकवले की, माल तयार झाल्यावर सदोष नग बाजूला काढत बसू नका. माल बनवण्याची रीतच थोडी बदला, फरक मोजा, उपयोगी ठरला तर ठेवा, पुन्हा बदला. पुढे डॉ. पॉल बटाल्डन यांनी हे रुग्णसेवेत आणले. २००७ मध्ये त्यांनी व डॉ. फ्रँक डेव्हिडॉफ यांनी गुणवत्ता सुधारणेची जी व्याख्या केली, तिचा आशय असा : रुग्णाला अधिक गुण येणे, सेवेची व्यवस्था अधिक चांगली चालणे आणि सेवा देणाऱ्यांचे शिक्षण अधिक चांगले होणे, या तिन्ही गोष्टी घडाव्यात म्हणून सर्वांनी मिळून केलेले अखंड प्रयत्न. या 'सर्वां'मध्ये त्यांनी डॉक्टर-परिचारिकांबरोबर रुग्ण, त्याचे कुटुंबीय, शिक्षक आणि पैसे देणारे यांनाही गणले आहे. पैसे देणारे या शब्दाशी मी अडखळलो. म्हणजे ही आपलीही जबाबदारी झाली.

याचा प्रत्यक्ष परिणाम किती, हे पाहावयाचे तर जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेपूर्वीची तपासयादी पाहावी. केवळ १९ मुद्दे. त्यांतील एक असा की, पोटाला सुरी लावण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगावे. जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिचा प्रयोग झाला. त्यांत आपली दिल्लीही होती. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शंभरात १.५ वरून ०.८ वर आणि गुंतागुंत ११ वरून ७ वर आली. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. यादी वाचते बहुधा परिचारिका, आणि सर्जनसाहेबांना थांबून उत्तर द्यावे लागते. आमच्या अक्कांच्या वॉर्डात भिंतीशी उभ्या असलेल्या मुलीला जे मिळाले नाही, ते नेमके हे.

आपल्या देशातही वारा बदलतो आहे. २०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षापासून रुग्णाशी संपर्क, संवादकौशल्य आणि नीती यांचा समावेश झाला. पुढे विद्यार्थ्याने कुटुंबे दत्तक घ्यावीत असेही ठरले. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठात तर १९९८ पासून वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, परिचर्या हे सारे एकाच छत्राखाली आहे. तथापि छत्र एक असून ताटे निराळी, असेच अजून बहुतेक ठिकाणी चालते. डॉक्टर आणि परिचारिका आयुष्यभर एकत्र काम करणार, पण शिकताना एका वर्गात एक दिवसही शेजारी बसत नाहीत. शिवाय परिचर्या शिकणाऱ्या मुलींकडे अनेक ठिकाणी स्वस्तातले मनुष्यबळ म्हणूनच पाहिले जाते. त्यांना वॉर्डात राबवले जाते, आणि त्यालाच अनुभव असे नाव दिले जाते.

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे दात्यांविषयी. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. यंत्र दिले की त्यावर संगमरवरी पाटी लागते, उद्घाटन होते, छायाचित्र येते. ते यंत्र चालवणारी मुलगी तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेली, तर पाटी कोठे लावावयाची? म्हणून तो खर्च कोणीच करीत नाही. मी काही रुग्णालयांच्या व्यवस्थापकांना विचारले की परिचारिकांना प्रशिक्षणास का पाठवीत नाही. उत्तर सर्वत्र एकच : पाठवू, पण त्या दिवशी वॉर्ड कोण सांभाळणार? बदली परिचारिकेचा पगार हा अगदी किरकोळ खर्च आहे, आणि तेथेच सारे अडते. माझी सूचना अशी की, आपल्या औषधदान निधीचा एक ठरावीक हिस्सा या बदली पगारासाठी राखून ठेवावा. ज्या रुग्णालयास आपण साहाय्य देतो, त्याने वर्षातून काही दिवस आपल्या परिचारिकांना आणि शिकाऊ डॉक्टरांना एकत्र बसवून, मागील वर्षी काय चुकले व त्यातून काय बदलले याची चर्चा करावी, आणि त्याचे एक पानभर टिपण आपल्याकडे द्यावे. रुग्णांची नावे त्यात नसावीत. हे टिपण दोष काढण्यासाठी नव्हे. पुढील वर्षीचे साहाय्य त्यावर अडवूही नये, नाहीतर सारे गोडगोड लिहून येईल. कुटुंबात परिचर्येचे शिक्षण घेणारी मुलगी असेल, तर अभियंता होणाऱ्या मुलाइतक्याच आपुलकीने तिला शिष्यवृत्ती मिळावी, हेही त्याला जोडून आले.

दुसरी सूचना आपल्या घरांसाठी आहे. आपला माणूस दाखल झाला की "आमच्या पेशंटला शिकाऊ डॉक्टर नको" असे आपण ठणकावून सांगतो. प्रत्येकाने असेच म्हटले तर पुढच्या पिढीचे डॉक्टर शिकणार कोणावर? फक्त गरिबांवर? रुग्णाची संमती घेतली जावी, त्याची लाज राखली जावी, वरिष्ठ शेजारी उभा असावा. एवढा आग्रह जरूर धरावा आणि मग शिकू द्यावे. आपल्याकडूनही त्यांना शिकण्यासारखे आहेच. सूर्यास्तानंतर पाणी न घेणारी अक्का, कंदमुळे न खाणारा रुग्ण, जिलेटिनच्या आवरणाची कॅप्सूल प्राणिज म्हणून नाकारणारी व्रती बाई, दशलक्षण पर्वात उपवास करणारा मधुमेही, यांची औषधे कशी बसवावीत, कोणते व्रत औषधापुरते कसे सांभाळता येईल आणि कोठे डॉक्टरांचे ऐकलेच पाहिजे, हे आपल्या समाजातील डॉक्टरांनी आणि अनुभवी परिचारिकांनी मिळून एका पानात लिहून द्यावे. भाषा सोपी असावी. ते पान आसपासच्या परिचर्या विद्यालयांना आणि रुग्णालयांना नेऊन देण्याचे काम आपल्या युवक मंडळाने करावे. छपाईचा खर्च मी करीन. त्यासाठी ट्रस्टच्या तिजोरीला हात लावण्याचे कारण नाही.

बदली पगाराच्या तरतुदीचा विषय विश्वस्त मंडळाच्या पुढील सभेच्या कार्यपत्रिकेवर घ्यावा, अशी अध्यक्ष महोदयांना नम्र विनंती करतो. आकड्यांचा तपशील मी लिहून आणला आहे, तो कोषाध्यक्षांकडे देतो.